ल्हादेनची जन्मवेळ

पर्थमध्ये जगायला किती लागतं हे आमच्या पारो खोऱ्यात कुणाला जाणून घ्यायचं असेल, तर तो नामगे मास्तरांकडे जायचा. मास्तरांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. पण तिकडच्या खोलीचं आठवड्याचं भाडं, बसचा पास, विजेचं बिल, कोबीचा गड्डा, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. ते शाळेत गणित शिकवायचे. दोनच वर्षांत शाळेतल्या एकोणीस शिक्षकांपैकी आठ जण नोकरी सोडून ऑस्ट्रेलियाला गेले, आणि आठही जण जाण्याआधी मास्तरांच्या चुलीपाशी बसून गेले. कुणी पानसुपारी आणायचं, कुणी चीजचा गोळा. मास्तर चौकडीच्या वहीत सगळं मांडायचे आणि शेवटी विचारायचे, "आता मिरची धरू?"

मिरचीपाशी भलेभले गार पडत. घरभाडं ऐकून पापणी न हललेली माणसं हिरव्या मिरचीचा भाव ऐकून कपाळाला हात लावत.

"अठरा डॉलर? पोत्याला ना?"

"किलोला. छपरावर वाळवून न्या. आणि रोज मिरची-चीज खायचं विसरा."

"मग जगायचं कशासाठी, मास्तर?"

"जगायला कोण चाललंय? तुम्ही कमवायला चाललात."

दुसऱ्याच्या संसाराला कात्री लावताना हात कापत नाही. मास्तरांचाही कापला नाही. "मुलं आजीकडे ठेवा, पाळणाघर परवडायचं नाही," हे त्यांनी निदान दहा घरांना सांगितलं असेल, आणि सांगताना पानाला चुना लावणंही थांबलं नसेल. ती मुलं दुसऱ्या वर्षी त्यांच्याच वर्गात बसायची, आजीने कसाबसा गुंडाळलेला घोचा झगा घालून. मास्तर त्यांना सवयीने एक गणित जास्त द्यायचे, एवढंच.

मग त्यांच्यावरच पाळी आली. त्यांची बायको देचेन सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिला पर्थच्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला. नवरा म्हणून मास्तरांना सोबत जाता येणार होतं, आणि साडेतीन वर्षांच्या ल्हादेनलाही. वही पुन्हा निघाली.

"परत मांड," देचेन म्हणाली.

"तिसऱ्यांदा मांडलं. पाळणाघराला दिवसाला एकशे तीस डॉलर. पाच दिवसांत माझा इथला महिन्याचा पगार."

"दोन खोल्यांऐवजी एकच घेतली तर?"

"एकच धरलीय."

"मी मिरची नाही खाणार."

मास्तर हसले नाहीत. "मिरची मी केव्हाच काढली, देचेन."

खाली अंगणात ल्हादेन आजीच्या मागे मागे कोंबड्यांना हाकलत होती. 'ठेवून जाऊ' हे शब्द दोघांपैकी कुणीच उच्चारले नाहीत.

"आईला कोण सांगणार?" शेवटी देचेनने विचारलं, आणि तिथेच ठरलं.

पण ते सांगायला मास्तरांचा धीर होईना. सासूबाई, म्हणजे ग्येम आजी, एका वाक्यात माणसाला उभा चिरणारी बाई. उद्या पोरगी मोठी होऊन विचारेल ते वेगळंच. परदेशी निघायचं म्हणजे ज्योतिष्याकडून दिवस काढून आणायलाच हवा होता. त्या वाटेवर चढण चढताना मास्तरांना सुचलं, की हे आपण सांगायचंच कशाला? ग्रहांनी सांगावं. आमच्याकडे आकाशातून आलेल्या नकाराशी कुणी भांडत नाही.

साङ्गे ज्योतिषी धूळपाटी पुढ्यात घेऊन बसला होता. आईबापाचा दिवस निघाला. मग मास्तर हळूच म्हणाले, "लेकीला यंदा प्रवास नाही असं निघालं, तर बरं होईल."

म्हाताऱ्याने वर पाहिलं. "मास्तर, मीही तुझ्यासारखं गणितच करतो. उत्तर माझ्या खिशात नसतं. वर्ष सांग, दिवस सांग, वेळ सांग."

ल्हादेन पहाटेची. पहिला कोंबडा आरवला तेव्हा मास्तर दवाखान्याच्या पायरीवर थंडीने कुडकुडत उभे होते. बारशाच्या वेळी दुसऱ्या एका ज्योतिष्याने पहाटेची वेळ धरून पत्रिका केली होती आणि पाण्यापलीकडे पोरीचं भाग्य आहे म्हणून सांगितलं होतं.

"दुपारी," मास्तर म्हणाले. "दुपार टळताना."

पहिला आकडा चुकला की खालचं सगळं चुकतं, हे पोरांच्या डोक्यात बसवण्यात या माणसाची सोळा वर्षं गेली होती.

म्हाताऱ्याने धुळीत रेघा ओढल्या, पुसल्या, परत ओढल्या. त्याचं तोंड उतरलं. "नऊ वर्षं पुरी होईस्तोवर हिला समुद्रापलीकडे नेऊ नकोस. नेलीस तर आईच्या जिवाला धोका आहे."

मास्तर हादरले. त्यांना फक्त एखादं वर्ष हवं होतं. "नऊ? दोनात नाही भागणार?"

"हा काय बटाट्याचा बाजार आहे?" म्हणत म्हाताऱ्याने सगळं कागदावर लिहून दिलं, जन्मवेळेसकट.

घरी देचेन मोठ्याने रडली. रडता रडता तिचे खांदे मात्र सैल झाले, ते मास्तरांनी पाहिलं. दुसऱ्या ज्योतिष्याला विचारू, असं ती एकदाही म्हणाली नाही. एरवी पोरीला दोन शिंका आल्या तरी लामा बोलावून पूजा घालणारं ते घर. पण यावर तोडगा काय, हे त्या दिवशी कुणीच विचारलं नाही. ग्येम आजीने कागद घडी करून नेसलेल्या किराच्या ओच्यात ठेवला आणि चुलीवर भात चढवला.

गेली दोघं. देचेन म्हाताऱ्यांच्या आश्रमात त्यांची अंगं पुसायची आणि उरलेल्या वेळात अभ्यास करायची. मास्तर एका हॉटेलात भांडी घासायचे. जेवताना वाळलेली मिरची मोजून दोघांत दोन. फोनवर ल्हादेन पहिल्या वर्षी धावत यायची, दुसऱ्या वर्षी हाक मारल्यावर यायची, तिसऱ्या वर्षी "अभ्यास आहे" म्हणायची. चौथ्या वर्षी देचेनला पक्की नोकरी लागली, मास्तरांनी जुनी गाडी घेतली, आणि वहीतलं गणित एकदाचं बसलं. पोरगी आता शाळेच्या वयाची होती, पाळणाघर लागणारच नव्हतं.

"तिला घेऊन ये," देचेन रोज म्हणू लागली.

"नऊ पुरी व्हायला दीड वर्ष आहे."

"मी नाही मानत असलं काही."

"तेव्हा मानलंस."

"तेव्हा तू सांगितलंस," देचेन म्हणाली आणि तोंड फिरवून झोपली.

मास्तर पारोत उतरले ते परतीची दोन तिकिटं खिशात घेऊन. आजी लाल तांदूळ निवडत बसली होती. ल्हादेन शेजारी बसून खडे वेचत होती. साडेसात वर्षांची, आईच्याच कपाळाची. मास्तरांनी तिला जवळ ओढलं आणि सांगितलं, की येत्या शनिवारी आपण आईकडे जायचं.

पोरगी मागे सरकली. "मी नाही येणार, अपा. मी आले तर आई मरेल."

"कोण म्हणालं?"

"कागदात आहे."

चार वर्षं मास्तरांनी हजार गोष्टींचा विचार केला होता, पण हा कागद लेकरू उराशी धरून वाढत असेल हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांना राहवलं नाही. "खोटं आहे ते, बाळा. तुझ्यात काही वाईट नाही. मीच त्या म्हाताऱ्याला तुझी वेळ चुकीची सांगितली."

बोलून त्यांनी सासूकडे पाहिलं. म्हातारी सुपात फुंकर मारत होती.

"माहीत आहे," ती म्हणाली. "तुम्ही गेलात त्याच आठवड्यात देवळातल्या लामाकडून कागद वाचून घेतला. पहाटेची पोर दुपारची झालेली. हिची नाळ या हातांनी पुरली, मास्तर. मला वेळ शिकवतोस?"

"मग बोलला का नाहीत, आई?"

"कुणाला बोलू? तुला ठाऊकच होतं, आणि माझ्या लेकीला ठाऊक करून घ्यायचं नव्हतं. राहिली ही. आकाशाने अडवलं म्हटलं की पोर सोसते. बापाने अडवलं हे तिला कुठल्या तोंडाने सांगणार होते? म्हणून मी कागद खरा धरला. चार वर्षं सांभाळला. तू चहा प्यायच्या आधी फाडलास."

ल्हादेन दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

"चुकीची का सांगितली, अपा?"

"तिकडे... तेव्हा पैसे नव्हते, बाळा. लहान मुलांना सांभाळायला तिकडे फार पैसे पडतात."

"मी केवढ्याला पडत होते?"

दुसरा एखादा बाप काहीतरी थाप मारून सुटला असता. पण इतक्या वर्षांची सवय जिभेवर बसलेली. आकडा आपोआप बाहेर आला. "दिवसाला एकशे तीस डॉलर."

"म्हणजे आपले?"

"सात हजारांच्या वर."

पोरीने मनातल्या मनात तो आकडा तोलून पाहिला. तिला राग आलेला दिसत नव्हता. आपल्याला एवढे पैसे पडतात याचं तिला आश्चर्यच वाटलं असावं.

"आणि आता?"

"आता तू शाळेत जाशील. आता परवडतं," मास्तर घाईघाईने म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "आता सगळं नीट परवडतं, ल्हादेन."

"आणि मी परत महाग झाले तर?"

तिने टोमणा मारला नव्हता, ती खरंच विचारत होती. हातातला खडा तसाच धरून ती उत्तरासाठी थांबून राहिली. मग आजीने तिच्यापुढे सूप सरकवलं, आणि दोघी पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या.