दुधाच्या पिशवीतली चिठ्ठी

ती चिठ्ठी आजही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. बोटभर लांबीचा कागद, त्यावर एका उमेदवाराचे नाव आणि चिन्ह. धायरीतल्या एका भाडेकरू बाईने ती जेवणाच्या डब्यातून काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि हात पदराला पुसले.

विधानसभेचे मतदान नुकतेच उरकले होते. बंदोबस्ताचा शीण ठाण्यात सगळ्यांच्या अंगात होता. बाई मूळची यवतमाळकडची, इथे एका कारखान्यात पॅकिंगला. तिला तक्रार द्यायची नव्हती, फक्त विचारायचे होते.

"साहेब, मशीनमधली चिठ्ठी घरी येते का?"

बटण दाबले की काचेआड काही क्षण चिठ्ठी दिसते आणि सीलबंद पेटीत पडते. आपले मत बरोबर गेले याची मतदाराला खात्री पटावी, म्हणून केलेली ही सोय. बाईने काचेआड जे चिन्ह पाहिले, तेच दुसऱ्या दिवशी पहाटे दाराला अडकवलेल्या कापडी पिशवीत, दुधाखाली सापडले. मग जिन्यात घरमालक भेटला. तो दुसऱ्या उमेदवाराचा कार्यकर्ता, आणि लढत दोघांतच होती. हसून एवढेच म्हणाला, "दूध आलं ना, वहिनी?" संध्याकाळी निरोप आला, महिनाअखेर खोली रिकामी करा. मुलगी दहावीला होती, ऐन वर्षात तिची शाळा तुटणार होती.

"माह्या नवऱ्याले बी सांगतलं नाई मी," ती म्हणाली. "मंग यानं पाह्यलं कुठून?"

चिठ्ठी खोटी होती, हे हातात घेताच कळले. कागद साध्या प्रिंटरवरचा. शिवाय पेट्या सील होऊन गोदामात गेलेल्या, बाहेर पोलिसांचाच पहारा. तसे तिला सांगितले, पण तिची भीती कमी होईना. चिठ्ठी खोटी असली तरी तिच्यावर छापलेले मत खरे होते. हवालदाराने मला बाजूला घेऊन विचारले, "साहेब, आपलंही कळलं असेल का हो?" मी त्याला झापले, कारण तोच प्रश्न मलाही पडला होता.

घरमालकाला बोलावले. तो निवांत चहा पीत बसला. खोली माझी, भाडेकरू माझे, चिठ्ठीचे मला काही माहीत नाही, असे त्याचे पालुपद. वर म्हणाला, "मी काय पेटीत बसून होतो का, साहेब?" पुण्यात पोलिसांनाही अशी उत्तरे मिळतात, त्याचे वाईट वाटून घ्यायचे नसते. त्याला बाकावर बसवून ठेवले आणि आम्ही त्याच्या इमारतीत गेलो.

भर दुपार, पण जिन्यात चिटपाखरूही नाही. प्रत्येक दार फटीएवढे उघडे. आम्ही काही विचारण्याआधीच आतून आवाज यायचा, "आम्हाला काही आलं नाही." पुढचे दार, पुन्हा तेच वाक्य, त्याच दबक्या आवाजात. एका दारावर तर दुधाची पिशवी तशीच लोंबत होती. दूध नासून वास सुटला होता, पण आतला कागद दिसल्यापासून घरातले कुणी तिला हात लावायला तयार नव्हते. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी प्रेते पाहिली, पण त्या जिन्यात मला जास्त भीती वाटली.

वरच्या मजल्यावर एका निवृत्त कारकुनाने मात्र दार सताड उघडले. "आली होती की. मी लगेच मालकांना नेऊन दिली. म्हटलं, अहो, मत तुमच्या माणसाला आणि चिठ्ठी त्याची कशी? ते म्हणाले, विरोधकांचा चावटपणा आहे, कुठे बोलू नका."

मी जागीच थबकलो. त्याच एका नावाची चिठ्ठी प्रत्येक दाराला गेली होती. ज्यांनी मालकाच्या माणसाला मत दिले, ते चिडून ती घेऊन त्याच्याकडे गेले. ज्यांनी दिले नाही, त्यांनी ती लपवली.

ठाण्यात येऊन मालकाला एवढेच विचारले, की परत आलेल्या चिठ्ठ्या कुठे ठेवल्या आहेत. त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "मी कुणाचं मत पाहिलं नाही, साहेब. जो गप्प राहिला, तो माझा नव्हता." पुढे महापालिकेला पुतण्याला उभे करायचे होते, त्याआधी नको ती माणसे इमारतीतून काढायची होती. गुन्हा नोंदवला. बाईची खोली राहिली.

तिला सगळे समजावून सांगितले, तेव्हा तिने पुन्हा पदराला हात पुसले. मग हळूच म्हणाली, "म्हंजे मीच सांगतलं त्याले."

मतदान वाढावे म्हणून आपण प्रभातफेऱ्या काढतो, काचेआड चिठ्ठी दाखवतो, पेटीला सील लावतो. हे सगळे केलेच पाहिजे. पण त्या माणसाला पेटी फोडण्याची गरजच पडली नाही, याचा मला आजही संताप येतो. भ्यालेल्या माणसाचे मत त्याच्या तोंडावर वाचता येते. तो पुन्हा केंद्राकडे फिरकेल का, हे त्याला किती निर्धास्त वाटते यावर ठरते, आणि तेवढे काम पोलिसांचे आहे.

मी निवृत्त झाल्यावर महापालिकेचे मतदान झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी भाजी घेताना ती बाई भेटली. बोटावर शाई होती.

"या वेळेस नाई आली चिठ्ठी," ती म्हणाली. "आली असती तं साऱ्या बिल्डिंगले दाखवली असती, साहेब."

मी हसलो. त्याच दिवशी पहाटे दूध काढताना मीही पिशवीच्या तळाशी हात घालून पाहिला होता, हे तिला सांगितले नाही.