ट्रक हलेपर्यंत

आमचा अल्बम आला त्या सकाळी मला चहासुद्धा गिळवेना. दोन गिटार, एक बास, ड्रम, आणि गाणारं कोणीच नाही. पोस्ट-रॉक म्हणतात याला. दादरच्या एका तळघरात तीन मुलगे आणि मी, असे चौघे दोन वर्षं घासत होतो, तेव्हा कुठे हे सहा तुकडे बसले होते.

घोडपदेवच्या आमच्या चाळीत बातमी आधीच फुटली होती. शेजारच्या काकूंनी दारातच पहिला तुकडा मोबाइलवर लावला, चार मिनिटं मान डोलावली आणि म्हणाल्या, “छान आहे गं. पण गाणं कधी सुरू होणार?” खालच्या मजल्यावर तर लोकांना ते माइक टेस्टिंग वाटलं.

दुपारी एका संगीताच्या वेबसाइटवर परीक्षण आलं. ऑफिसच्या जिन्यात उभं राहून मी ते तीनदा वाचलं. पाच तुकडे त्या माणसाने डोक्यावर घेतले होते! सहाव्याबद्दल मात्र लिहिलं होतं की एकच ओळ नऊ मिनिटं घोळवली आहे, तिच्यावर युरोपातल्या थंड देशांतल्या बँडची छाप आहे आणि ती निम्म्यावर आणली असती तर बरं झालं असतं. नाचू की भांडू कळेना. ग्रुपवर नाचणारे चेहरे पाठवले आणि समीक्षकाला मनातल्या मनात झोडपलं. थंड देश कसले डोंबलाचे! ती ओळ माझ्या बाबांची होती.

बाबांनी तीस वर्षं बेंजो वाजवला. गणपतीत, जयंतीला, लग्नाच्या वरातीत. अख्खी बेंजो पार्टी, म्हणजे ताशे-ढोलवाल्यांसकट सगळे, त्यांच्या इशाऱ्यावर चालायची. मिरवणूक चौकात अडकली की चालू गाण्यातली एकच ओळ धरायची, दर फेरीला थोडी चढवायची आणि पुढचा ट्रक हलेपर्यंत सोडायची नाही. नाहीतर नाचणाऱ्यांचे पाय थांबतात आणि सगळं विस्कटतं. ट्रक हलला की बाबा मान झटकायचे आणि मगच पुढची ओळ यायची. लहानपणी मी त्यांच्या पायाशी बसून हे ऐकलंय.

पुढे त्यांची बोटं आखडली. बेंजो माळ्यावर गेला आणि घरात वाजवण्याचा विषयच बंद झाला. मी गिटार आणली तेव्हाही ते काही बोलले नाहीत. आणि मी त्यांना न विचारता त्यांची ओळ उचलली होती. बाकी जगाने काय म्हणायचं ते म्हणावं, मला बाबांचं मत हवं होतं आणि त्याचीच मला धास्ती होती.

रविवारी धीर करून हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला. पाच तुकडे ते डोळे मिटून नुसते बसून होते. सहावा सुरू झाला आणि त्यांची वाकडी बोटं मांडीवर आपटायला लागली. संपल्यावर त्यांनी हेडफोन काढला.

“ही चौकातली ना?”

“हो.”

“मला विचारलं नाहीस.”

“नाही म्हणाला असतात.”

“म्हणालोच असतो.” त्यांनी हेडफोन माझ्या हातात दिला. मग म्हणाले, “पण लवकर सोडलंस गो. ट्रक हलला नव्हता अजून.”

मी उडालेच! समीक्षक म्हणतो निम्मं करा, आणि बाबा म्हणतात कमी पडलं!

पुढच्या शनिवारी संध्याकाळी दादरच्या एका छोट्या हॉलमध्ये आमचा कार्यक्रम होता. इस्त्रीचा शर्ट घालून बाबा तिसऱ्या रांगेत, शेजारी काकू. मी बँडमधल्या मुलांना बजावलं होतं, शेवटच्या तुकड्यात मी सोडल्याशिवाय कोणी सोडायचं नाही. नऊ मिनिटं झाली, बाबा ढिम्म. दहा झाली. ड्रमवाला घामाघूम होऊन मला डोळ्यांनी शिव्या देत होता. लोक उठून उभे राहिले, काकू तर टाळ्यांनी ठेका धरून नाचायच्या बेतात होत्या. मी ओळ आणखी चढवली, नजर तिसऱ्या रांगेवर.

आणि बाबांनी मान झटकली.

अल्बममध्ये पुढची ओळ नाहीच. पण मला ती लहानपणापासून पाठ होती, आणि मी ती वाजवली.