डमी शब्द

माझी एक वाईट खोड आहे. चाल आधी, शब्द मागून. अंबरनाथ एमआयडीसीतली पहिली पाळी संपवून बदलापूरला घरी आलो की मी पेटी काढतो, आणि चाल सापडली की ती निसटू नये म्हणून कानावर पडेल ते तिच्यात कोंबतो. दूध उतू गेलं, लाईट गेली, काहीही. आम्ही त्यांना डमी शब्द म्हणतो. खरे शब्द सुचले की डमी काढून टाकायचे. संगीत नाटकं लिहिण्यात आणि त्यांना चाली लावण्यात माझी अर्धी हयात गेली, आणि हा नियम माझाच.

आई आमच्याकडेच असते. सकाळी तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की झोपेपर्यंत थांबत नसे. ऐकायला माझी बायको, कारण मी एकतर कंपनीत, नाहीतर तालमीला. एकदा भांडी घासताना बायको म्हणाली, "आई, जरा गप्प बसा ना, मला माझं घर ऐकू द्या." रागाने नाही, दमून. आईला कमी ऐकू येतं, तिच्यापर्यंत ते पोचलंच नाही. माझ्यापर्यंत पोचलं. बसलं की चालीत फिट्ट.

उल्हासनगरच्या तालमीत आमच्या नायिकेने ते गायलं तेव्हा तबलजी म्हणाला, "भाई, इसको हाथ मत लगा." घरी मला गुणगुणताना ऐकून बायकोने मात्र पोळी लाटता लाटता सांगितलं, "अहो, हे बदला हं. आई येणार आहेत प्रयोगाला."

"डमी आहे गं. बदलतो की."

बदलायला बसलो होतो, खोटं कशाला बोलू. पण मी लिहीन ते सगळं लिहिलेलं वाटायचं. मग म्हटलं, राहू दे. तिच्या थकव्यावर मी आयता नागोबा होऊन बसलो.

प्रयोग अंबरनाथला होता, रविवारी दुपारी. आईला नीट ऐकू यावं म्हणून मीच तिला पहिल्या रांगेत, स्पीकरसमोर बसवलं होतं. काय अक्कल माझी. नाटकातल्या सुनेने ती ओळ उचलली, पहिल्यांदा लोक हसले, मग गप्प झाले. मी विंगेत पेटीवर होतो. तिथून मला दिसलं, आईने मान वळवून बायकोकडे बघितलं. बायको खाली स्वतःच्या हातांकडे बघत बसली.

आणि वन्स मोअर आला.

आयुष्यभर ज्याची वाट बघितली तो वन्स मोअर. नायिकेने माझ्याकडे पाहिलं. मी नुसती ‘नाही’ अशी मान हलवली असती तरी पुढचा प्रवेश सुरू झाला असता. मी सूर दिला.

घरी आल्यावर बायकोने नेहमीसारखा स्वयंपाक केला. भांडली असती तर बरं झालं असतं. आणि आई आता काही सांगायचं झालं की आधी विचारते, "बोलू का?" बायको हातातलं काम टाकून तिच्यासमोर बसते, म्हणते, "बोला ना, आई." आई दोन वाक्यं बोलते आणि थांबते.

काल मी पेटीवर होतो. आई दारात येऊन म्हणाली, "बोलू का?" सहा मात्रा, सरळ दादरा. लाज वाटते सांगायला, पण मी आधी तेच मोजलं. मग भाता मिटला आणि म्हणालो, "बोल ना, आई."

"काही नाही रे," ती म्हणाली. "तुझं चालू दे."