आमच्या फोनवर त्याचा आवाज

आमच्या पेणच्या पापडांच्या ऑफिसातले फोन आणि मेल दुरुस्त करायला तो येतो. कधी ‘बिघडलंय’ म्हणत नाही, ‘रुसलंय’ म्हणतो. मेलचा पासवर्ड बदलतानासुद्धा असा हळू बोलतो, जणू शेजारी कोणी झोपलंय.

ऐन उन्हाळ्यात, ऑर्डरींच्या दिवसांत, सगळे फोन मुके झाले. फोन लागला नाही तर गिऱ्हाईक दुसरीकडेच जाणार ना हो? माझा जीव टांगणीला. माझ्या मोबाइलला तर ऑफिसात रेंजच नाही. तो म्हणाला, "फोनचं मशीन रुसलंय, मावशी. तोवर तुमचे फोन माझ्या मोबाइलवर वळवतो."

मला वाटलं, नुसते नंबर टिपून ठेवील. संध्याकाळी डोलवीच्या दुसऱ्या ऑफिसातलं काम आटपून आला तो ऑर्डरी घेऊनच. वर म्हणाला, "रोह्याच्या आजींच्या पापडात मिरी कमी घाला, त्यांना खोकला हाय. आणि कोणी मावशींना फोन द्या म्हणालं की मी सांगायचो, मावशी आंघोळीला गेल्यात."

"दिवसभर?"

"खोटं बोलायची सवय नाय हो. सुचलं ते बोललो."

आता फोन नीट लागतात. पण परवा रोह्याच्या आजींनी माझा आवाज ऐकला आणि म्हणाल्या, "तू नको गो, त्याला दे. खोकला गेला म्हणून सांगायचं हाय."