तीन नंबरचे खूर

ताई कपडे उसवायची आणि पुन्हा शिवायची. नवे कपडे शिवणारे बरेच होते. हिच्याकडे लोक आणायचे त्या लांब झालेल्या पँटी, पोटावर न बसणारे कोट, काखेत फाटलेले गणवेश. बावन्न वर्षांची, एकटी बाई. दोन खोल्या, त्यातली पुढची म्हणजे दुकान, मागे छोटं अंगण आणि अंगणात पत्र्याचं छप्पर, एवढा तिचा संसार. जनावर म्हणाल तर तिनं आयुष्यात मांजरसुद्धा पाळलं नव्हतं. तरी त्या वर्षी तिच्या छपराखाली एक तट्टू येऊन उभं राहिलं.

ते तिच्या धाकट्या भावाचं. भाऊ पन्नाशीला टेकलेला, दारातून वाकून आत येणारा धिप्पाड माणूस, पण ताईच्या तोंडी अजून छोटूच. बागेच्या फाटकाशी तो तीन छोटे घोडे घेऊन उभा राहायचा आणि मुलांना फेऱ्या मारून आणायचा. जिन्यावरून पडून त्याच्या मांडीचं हाड मोडलं तेव्हा दोन घोडे विकले गेले. तिसरं, हे तट्टू, कुणी फुकटही घेईना. त्याला नाव नव्हतं. एक नंबर, दोन नंबर, आणि हे तीन नंबर. ताईनं भावाची खाट मागच्या खोलीत खिडकीशी लावली, छपरातले कापडाचे गठ्ठे घरात आणले आणि तिथं तीन नंबरला बांधलं.

पहिल्या दिवशीच तिच्या लक्षात आलं की ते नीट चालत नाही. खूर वाढून टोकाशी वर वळले होते, झिजलेल्या जुन्या सपातांसारखे. दहा पावलं टाकताना चार वेळा अडखळायचं. तिनं नालबंदाला बोलावलं.

नालबंद सत्तरीचा, कंबर धरत चालणारा, कमी बोलणारा. त्यानं पुढच्या पायाकडे हात नेला मात्र, तीन नंबर दोन पायांवर उभं राहिलं, पत्र्यावर आदळलं आणि नालबंदाची खूर घासायची कानस अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पडली. म्हातारा ओट्यावर बसला. ताईनं त्याला पाणी दिलं.

"दोर लावून आडवं पाडलं तर आज कापून होतील," तो म्हणाला. "मी केलंय तसं पुष्कळदा. पण मग पुढच्या खेपेला हे मला अंगणातही येऊ देणार नाही. याला पाय द्यायला शिकवा, मग बोलवा."

"कोण शिकवणार?"

"तुम्ही."

"मला याची पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली, एवढंच कळतं."

"मागची कळतेय ना? निम्मं काम झालं."

जाताना त्यानं एकदा दाखवलं. खांद्यापासून हात हळूहळू खाली आणायचा. अंग आकसलं की तिथंच थांबायचं. पुढे जायचं नाही, मागेही यायचं नाही. तट्टानं श्वास सोडला, अंग सैल केलं, की आपण हात काढून घ्यायचा. पुढेमागे पाय उचलू दिला, तर त्यानं ओढून घ्यायच्या आधी आपणच खाली ठेवायचा.

ताई रोज सकाळी दुकान उघडण्याआधी अर्धा तास छपराखाली जाऊ लागली. तिला वाटलं होतं, शिलाईसारखंच असेल, आज इथपर्यंत आलं तर उद्या तिथून पुढे. तसं काहीच होईना. एके दिवशी गुडघ्यापर्यंत हात जायचा, दुसऱ्या दिवशी खांद्यालाही लावू द्यायचं नाही. डावा पाय देईल तर उजव्याचं नाव काढायची सोय नाही. तिला वाटलं, गळ्यातली टेप सापासारखी दिसत असेल. टेप काढून ठेवली. मग वाटलं साबणाचा वास असेल, साबण बदलला. मग खिशातली कात्री. तीन नंबर तिच्याकडे एका डोळ्यानं बघत राहायचं आणि ती त्याच्याकडे, आणि दोघांनाही समोरच्याचं काय चाललंय ते समजत नव्हतं.

एक गोष्ट मात्र तिची तिला सुचली. माप द्यायला येणारी काही माणसंही अशीच असतात, टेप काखेत नेली की दचकतात. त्यांना ती आधी सांगायची, "आता खांदा. आता कंबर." तसंच ती इथं म्हणू लागली. "आता खांदा. आता गुडघा. आता खाली." सव्वा महिना झाला तेव्हा तीन नंबरनं पुढचा डावा पाय तिच्या हातात दिला, आणि लाकडी पट्टीनं खुरावर तीन वेळा टकटक केलं तरी दिलेला ठेवला.

चौथ्या टकटकीला ते असं उसळलं की ताई सपशेल खाली बसली.

असं आणखी दोनदा झालं. तिसऱ्या वेळी, कोपर चोळत बसलेली असताना, तिला खिडकीतून आलेली शीळ ऐकू आली. छोटू खाटेवर पडल्या पडल्या शीळ घालत होता, दातांच्या फटीतून, बारीक, नेहमीसारखी. ताई उठून आत गेली, थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलली. बोलण्यात शीळ थांबली होती आणि बाहेर तीन नंबर शांत झालेलं खिडकीतून दिसत होतं.

"छोटू, जरा शीळ घाल."

"का गं?"

"घाल तर खरी."

त्यानं घातली. तट्टाचे मागचे पाय पोटाखाली गेले आणि मांड्या थरथरायला लागल्या.

ताई खाटेच्या कडेला बसली. "तू याला मारायचास का?"

"नाही."

"मग?"

"बांधायचो," छोटू छताकडे बघत म्हणाला. "खूर कापायला माणूस आला की हे लाथा झाडायचं. मग आदल्या दिवशी एक पाय पोटाशी बांधून ठेवायचो, दमावं म्हणून. कधी तासभर, कधी जास्त."

"आणि वर शीळ घालायचास? मजेत?"

"मजेत कुठली? मला भीती वाटायची याची. तिघांतल्या याचीच. भीती वाटली की मी शीळ घालतो, ताई. लहानपणापासून. तुला माहीत आहे की."

ताईला माहीत नव्हतं.

ती दुकानात येऊन मशीनवर बसली आणि एका गिऱ्हाइकाच्या पँटीचा पायच खालून शिवून बंद करून टाकला. उसवताना तिला एक सकाळ आठवली. वडील गेल्यावर ती शाळा सोडून पहिल्यांदा शिवणाच्या कारखान्यात निघाली होती, आणि छोटू दारात उभा राहून शीळ घालत होता. याला काहीच वाटत नाही, उलट मजा वाटतेय, असं मनात धरून तिनं आठवडाभर त्याच्याशी अबोला धरला होता. ती सकाळ आता नेमकी कशी होती, हे तिला ठरवता येईना. तट्टाची कीव करावी तर भाऊ डोळ्यांसमोर येत होता. भावाची करावी तर बांधलेला पाय.

तिनं छोटूला एवढंच सांगितलं की सकाळचा अर्धा तास शीळ नको. त्याला ते जमेना. ओठ आपोआप गोल व्हायचे. मग तो म्हणाला, हाताला काहीतरी दे. तिनं बटणांचा डबा दिला. रोज सकाळी धिप्पाड छोटू आकारानुसार बटणं लावत बसायचा आणि दुपारी ताई ती पुन्हा एकत्र ओतायची.

आता सगळं सुरळीत होईल असं तिला वाटलं. काही दिवस झालंही. मग एकदा घरात चिडीचूप असताना तीन नंबरनं तिला जवळ येऊ दिलं नाही, आणि एकदा छोटू विसरून भरपूर शीळ घालून बसला तरी तट्टानं नुसते कान फिरवले आणि पाय हातातच ठेवला. कारण सापडलं म्हणता म्हणता पुन्हा हातून निसटलं. तरी दिवसांमागून दिवस हिशेब मांडला तर पाय जास्त वेळ हातात राहत होता, एवढं खरं.

नालबंद परत आला तेव्हा ताईनं त्याला आपले शब्द सांगितले आणि दोर धरला. म्हातारा तिचेच शब्द म्हणत खाली वाकला, "आता खांदा. आता गुडघा." खूर कापायच्या सांडशीनं खुराची कड तुटून खाली पडली तेव्हा ताईचेच डोळे मिटले होते. पुढचे दोन झाले. मागचा डावा झाला, मध्ये तीनदा थांबून. मागचा उजवा तीन नंबरनं दिला नाही.

"राहू दे," नालबंद म्हणाला. "हाच पाय बांधत असणार कुणी."

दारात काठी टेकून उभा असलेला छोटू आत निघून गेला.

आठवड्यानं म्हातारा पुन्हा आला, अवजारं न काढता नुसताच तट्टाची पाठ खाजवत उभा राहिला, आणि तीन नंबरनं मागचा उजवा पाय आपण होऊन सैल सोडला. म्हाताऱ्यानं तो घेतला, मग अवजारं काढून खूर कापला, कानस फिरवली. पाच मिनिटांत संपलं.

"आजच का दिला?" ताईनं विचारलं.

"कोण जाणे. पन्नास वर्षं हेच करतोय. दिला, एवढं कळतं."

छोटू बरा होऊन एका गोदामावर राखणीला लागला. सुटीच्या दिवशी येतो, अंगणातल्या बादलीत दोन गाजरं टाकतो आणि लांब जाऊन उभा राहतो. तीन नंबर तो गेल्याशिवाय ती खात नाही. एकदा तो असताना खाल्ली, त्याचं कारण दोघांनाही कळलं नाही. ताई सकाळी तट्टाला गल्लीच्या टोकापर्यंत फिरवून आणते. गिऱ्हाइकं विचारतात, याचा उपयोग काय, आणि ती टेप घेऊन त्यांचं माप घ्यायला लागते. दर सहा-सात आठवड्यांनी नालबंद येतो. कधी चार पाय होतात, कधी तीन.