सिस्टरने धुतलेले प्लंजर

सगळी गल्ली तिला सिस्टरच म्हणायची. नोकरीतून निवृत्त झाली तरी नाव काही निवृत्त झालं नाही. उभा जन्म तिने प्रसूतीच्या वॉर्डात काढला. बाळ जन्मलं की आधी त्याच्या मनगटाला पट्टी, पट्टीवर आईचं नाव, मग बाकीचं जग. आपल्या हातून एकाही बाळाची अदलाबदल झाली नाही, हे ती अभिमानाने सांगायची, आणि कोणी न विचारता सांगायची. स्वच्छतेच्या बाबतीत तर तिच्यापुढे भल्याभल्यांनी हात टेकले होते.

लग्न केलं नव्हतं, त्यामुळे निवृत्तीनंतर धाकट्या भावाकडे राहायला आली. भाऊ डिझेल पंप दुरुस्त करणारा मिस्त्री. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं दुकान, मागे स्वयंपाकघर आणि झोपायची खोली, आणि जिना चढून गेलं की एक लहानशी खोली, ती सिस्टरला दिलेली. आल्या आल्या तिने भावजयीचे सगळे डबे घासले, मग खिडक्यांचे गज घासले, मग जिन्याच्या पायऱ्या. भावजय बिचारी “वन्सं, राहू द्या हो” म्हणत मागे मागे फिरायची. पण घर ते केवढं, एक दिवस घासण्यासारखं काही उरलंच नाही. भावजय स्वतः कामाला वाघीण, तिला मदतीची गरज नव्हती. भाऊ दिवसभर पंपात डोकं घालून. आयतं खायचं आणि खिडकीत बसून रस्ता बघायचा, हे सिस्टरच्या अंगवळणी पडेना. आपण या घरात पाहुणी आहोत, आणि पाहुणीने किती दिवस राहायचं यालाही काही ताळतंत्र असतं, असं तिच्या मनाने घेतलं.

तिने गुपचूप फोनाफोनी करून निवृत्त नर्सेसच्या हॉस्टेलात एक खोली ठरवली आणि जेवताना भावाला सांगितलं, सोमवारी निघते. भाऊ म्हणाला, “बरं.” झालं. एवढंच. हा माणूस पंपाशी तासन्‌तास बोलेल, पण माणसाशी बोलायची वेळ आली की तोंडाला कुलूप. खरं सांगायचं तर ‘नको जाऊस’ हे शब्द ऐकायला ती कान टवकारून बसली होती. त्या ‘बरं’नंतर ती अर्धं ताट तसंच टाकून उठली.

आणि सोमवारच्या आधी, शुक्रवारी, टँकरवाल्याचा ट्रॅक्टर दुकानापुढे येऊन खोकायला लागला. ट्रॅक्टर टँकरवाल्यापेक्षा वयाने मोठा. चढावर दम टाकायचा, काळा धूर सोडायचा, चारातला एक सिलेंडर मधूनच संप करायचा. त्याच्यामागे पाण्याचा टँकर जोडून हा गडी बांधकामांवर पाणी पोचवायचा, त्यामुळे त्याचं सगळं घर या म्हाताऱ्याच्या जिवावर चाललेलं. मिस्त्रीने कान लावला, एकेक नळी सैल करून पाहिली आणि सांगितलं, पंप उतरवावा लागेल.

सिस्टरने दारात स्टूल टाकलं. दुसरं काही काम नव्हतंच. भावाने आधी ब्रश आणि डिझेलने पंप बाहेरून लख्ख धुतला, मगच पान्याला हात लावला. हे तिला आवडलं. टाकीचा कॉक बंद केला. नळ्या सोडवल्या आणि सुटलेल्या प्रत्येक तोंडावर लगेच टोपण बसवलं, आत धुळीचा कण जायला नको म्हणून. हे तर तिला फारच आवडलं. मग हाताने इंजिन हळूहळू फिरवत चाकावरची खूण नेमक्या जागी आणली, आणि पंप जिथे इंजिनाला चिकटतो तिथे दोन्हींवर मिळून टोकदार लोखंडाने एक बारीक रेघ ओढली. पंप परत बसवताना रेघेला रेघ जुळली पाहिजे, नाही तर डिझेल चुकीच्या वेळी जातं आणि इंजिन रुसतं. शेवटी नट काढून त्याने पंप दोन्ही हातांवर अलगद उचलला. सिस्टर मनात म्हणाली, हा माझ्या वॉर्डात चालला असता.

टेबलावर पंप उघडला तेव्हा दोष सापडला. एका वाल्वची स्प्रिंग तुटली होती, आणि डिझेल कमीजास्त करणारी दांडी गंजून अडकली होती. पाण्याचा धंदा करणाऱ्याच्या डिझेलमध्येही पाणीच निघावं, यावरून टँकरवाल्याची यथेच्छ चेष्टा झाली. मिस्त्रीने चार प्लंजर काढले, म्हणजे बोटाएवढे चकचकीत दट्टे, आणि ज्या नळ्यांत ते सरकतात त्या चार नळ्याही काढल्या. प्रत्येक जोडी त्याने चहाच्या एकेका कपात स्वच्छ डिझेलमध्ये बुडवून ठेवली आणि टँकरवाल्याला घेऊन स्प्रिंग आणायला बाजारात गेला.

कप भावजयीचे होते. चांगले, फुलाफुलांचे. ते टेबलावर पाहून ती कुरकुरली की या माणसाला सांगून सांगून तोंड दुखलं. झालं, सिस्टरला काम मिळालं. तिने कप उचलले, आतलं सगळं बाहेर काढलं, कढत पाण्याने आणि साबणाने कपही धुतले आणि प्लंजरही, सुती फडक्याने कोरडे केले आणि स्टीलच्या ताटात मांडून ठेवले. एका ओळीत चार नळ्या, दुसऱ्या ओळीत चार प्लंजर. शिस्त अशी की दृष्ट लागावी.

मिस्त्री परतला, त्याने ताट पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. ओरडला मात्र नाही. आधी गंज धरू नये म्हणून ताटात भराभर डिझेल ओतलं, मग बहिणीला शांतपणे समजावलं. दिसायला चारही सारखे असले तरी प्रत्येक प्लंजर आपल्या नळीबरोबर घासून घासून जुळवलेला असतो. दुसऱ्याच्या नळीत घातला तर एक तर अडकून बसतो नाही तर गळतो. पंप फिरवून बघू म्हणावं, तर अडकला की प्लंजर आणि नळी दोन्ही वाया, आणि या म्हाताऱ्याचे नवे प्लंजर आता बाजारात मिळत नाहीत.

सिस्टरच्या पायांखालची जमीन सरकली. चार बाळं, आणि एकाच्याही मनगटाला पट्टी नाही. आणि तेही तिच्याच हातून. ती वर गेली आणि साड्यांच्या घड्या घालून बॅगेत भरायला लागली. भरता भरता रडली. आधी नुसती निरुपयोगी होते, आता नुकसान करून निघाले, असं वाटून तिला स्वतःची मनापासून लाज वाटली.

बऱ्याच वेळाने जिन्याखालून भावाची हाक आली. “अक्का, जरा खाली ये. तुझे हात हवेत.”

त्याने तिला रीत दाखवली. प्लंजर डिझेलमध्ये बुडवायचा, नळीत सरकवायचा, नळीचं तोंड अंगठ्याने बंद करायचं, प्लंजर थोडा ओढायचा आणि सोडायचा. आपल्या घरचा असेल तर सगळीकडे सारखाच सरकतो आणि सोडल्यावर परत आत ओढला जातो. दोन जोड्या त्याने अशा जुळवल्या होत्या. उरलेल्या दोन त्याला कळेनात. पाना धरून आणि भाजून भाजून त्याच्या बोटांची कातडी चपलेच्या तळासारखी झाली होती.

सिस्टरने डोळे मिटले. नुकत्याच जन्मलेल्या बाळाची नाडी शोधलेली बोटं ती. एक प्लंजर एका नळीत घातला, मग दुसऱ्या नळीत. दुसऱ्या प्लंजरचंही तसंच केलं. पुन्हा एकदा केलं. मग म्हणाली की हा या नळीत शेवटाला केसभर अडतो, त्या नळीत मुळीच अडत नाही, तेव्हा हा त्या नळीचा.

भाऊ खूश झाला, आणि तिथेच सिस्टरला संशय आला. वॉर्डात रडणाऱ्या बाईच्या हाती दुपटी घड्या घालायला द्यायची, तिचं मन रमवायचं, हे तिने स्वतः किती वेळा केलं होतं.

“खरं सांग,” ती म्हणाली, “तुला चारही कळलेत ना? मला बरं वाटावं म्हणून नाटक करतोयस.”

तो शपथा घ्यायला लागला. सिस्टर कसली ऐकते. तिने एका जोडीवर ओळखीसाठी शाईचा ठिपका दिला, त्याच्या डोळ्यांवर रुमाल बांधला, त्या दोन जोड्या मोडून पुढे ठेवल्या आणि लाव म्हणाली. त्याने चुकीच्या लावल्या. पुन्हा मोडल्या, पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा बरोबर लावल्या, आणि चौथ्यांदा परत माती खाल्ली. मग रुमाल सिस्टरच्या डोळ्यांवर आला. जोड्या मोडायला टँकरवाला बसला, अर्थात आधी कोपरापर्यंत हात धुऊन. माझा पंप आहे की खेळणं, असं तो पुटपुटत होता. सिस्टर एकदाही चुकली नाही. रुमाल सोडला तेव्हा ती इतकी हसत होती की भावजय स्वयंपाकघरातून बघायला आली. सख्खा भाऊ नापास झाल्याचा एवढा आनंद त्या घरात पूर्वी कोणाला झाला नव्हता.

पंप जुळला. मिस्त्रीने तो तपासणीच्या यंत्रावर फिरवून पाहिला, तेव्हा यंत्राच्या चारही काचेच्या नळ्यांत डिझेल सारखंच चढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रेघेला रेघ जुळवून तो ट्रॅक्टरवर बसवला, स्क्रू सैल करून आतली हवा काढली, बुडबुडे थांबेपर्यंत. ट्रॅक्टर आधी नुसताच कण्हला, मग पांढरा धूर सोडला, आणि मग चारही सिलेंडर एका सुरात बोलायला लागले. टँकरवाल्याने गल्ली डोक्यावर घेतली आणि टँकर जोडून चढाच्या दिशेने निघून गेला.

भावाने हात पुसले, मग पाना पुसला, मग पुसलेला पाना पुन्हा पुसला. कुलूप उघडायला त्याला नेहमीच वेळ लागायचा.

“अक्का, सोमवारी जाऊ नकोस,” तो म्हणाला. “पंपासाठी नाही म्हणत. तुला यातलं काही कळलं नसतं आणि नुसती खिडकीत बसून राहिली असतीस, तरी जाऊ नकोस.”

“मग त्या दिवशी बरं का म्हणालास?”

“मला वाटलं, डिझेलच्या वासाने तुझा जीव घुसमटतोय. तुला जायचंच असेल तर अडवू कसा?”

सिस्टरने त्याला गाढव म्हटलं, मोठ्या बहिणी म्हणतात तसं. मग डोळे पुसून तिने दुकानाच्या दारातूनच हॉस्टेलला फोन लावला आणि खोली नको म्हणून सांगितलं. पलीकडच्या बाईंनी कारण विचारलं.

“भाऊ जाऊ देत नाही,” सिस्टर म्हणाली.

बाईंना ते पहिल्याच वेळी ऐकू गेलं होतं. तरी सिस्टरने पुन्हा सांगितलं, गल्लीतल्या शेवटच्या घरापर्यंत पोचेल एवढ्या मोठ्याने.