तांदळाच्या डब्यातला फोन

चार वाजले की सेल्मोबाब माझ्या स्वयंपाकघरात यायचा, तांदळाच्या डब्याचं झाकण काढायचा आणि आपला फोन तांदळात खुपसायचा. मग चेंडू काखेत मारून मुळगावच्या शेतात मुलींना खेळवायला जायचा.

सेल्मोबाब स्पेनचा. तिकडे मोठ्या संघातून फुटबॉल खेळून निवृत्त झालेला. आमच्या मागच्या खोलीत तो दोन वर्षं भाड्याने राहिला. एकदा पेडण्याच्या बाजारात त्याने नारळ पायावर झेलला आणि ते फोनवर टाकलं, तर कुठल्या कुठल्या देशांतले लोक ते बघत बसले.

मी लाजरी. त्याचं जेवण पायरीवर ठेवून आत पळायचे. पण खेळ दारातून बघायचे. मुलीचा चेंडू चुकला की तो रागवायचा नाही. एवढंच म्हणायचा, "आनीक एक फावट." म्हणजे पुन्हा एकदा. कोकणीतलं तेवढंच त्याला नीट येत होतं.

गावचं मैदान मुलगे सोडत नव्हते. म्हणून कापणीनंतर जयरामदादांच्या रिकाम्या शेतात मुली खेळायच्या, माझी रेश्माही. सेल्मोबाबने एकदा तो खेळ फोनवर टाकला. पुढच्याच रविवारी पणजीहून मोटरसायकली आल्या. सगळ्यांना त्याच्याबरोबर फोटो हवा होता. त्यांनी गाड्या थेट शेतात घातल्या आणि बांध दोन ठिकाणी फुटला.

जयरामदादा काठी टेकत आले. "बाब, शेत माझा, तमाशा तुझा. पावसात ह्यात पाणी थांबूचा कसा? फाल्यांपासून हय कोणी पाय घालूचो नाय."

उद्यापासून खेळ बंद म्हणून त्या दिवशी रेश्मा जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सेल्मोबाब कुदळ घेऊन एकटाच बांधावर. विहिरीचं पाणी कळशीने आणायचा, माती भिजवायचा, थापायचा. सुकली की ती चिरा पडून ढासळायची. येणारेजाणारे विचारायचे, "बाब, गोल झालो?"

तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. पदर खोचून गेले. "असा नाय," म्हटलं, "गवताच्या मुळांसकट ढेकळा घे. पायान मळ." त्याच्याशी माझं ते पहिलं बोलणं. तोही थर ढासळला. त्याने तोंड पुसून माझ्याकडे बघितलं. मीच म्हटलं, "आनीक एक फावट."

दहा दिवस लागले. रेश्मा म्हणाली, "बाब, ह्याचो व्हिडिओ टाक. लोक तुका डोक्यार घेतीत." तो मान हलवून "ना" म्हणाला आणि पुन्हा चिखलात उतरला.

जयरामदादांनी नव्या बांधावर टाच दाबून बघितली. थोडं पुढे जाऊन परत दाबली. "चेडवा येऊंदेत," ते मुलींकडे बघून म्हणाले. "पण फोन नको."

तेव्हापासून फोन डब्यात.

आई आजारी म्हणून गेल्या वर्षी तो स्पेनला परत गेला. निघताना रेश्माने शेतात एक फोटो मागितला. त्याने तो आमच्या पायरीवर काढायला लावला. ती मला त्याचं फोनवरचं सगळं दाखवते. नारळ आहे, बाजार आहे, समुद्र आहे. आमचं शेत कुठेच नाही. तो जुना व्हिडिओसुद्धा त्याने काढून टाकलाय.

आता मुलींना रेश्मा शिकवते. चार वाजता अकरा फोन माझ्या तांदळात जातात. संध्याकाळभर डबा आतून वाजत असतो. मी उघडत नाही.